दुसऱ्यांचे अंदाज तपासणारी

थोरलीने उभ्या आयुष्यात एकही अंदाज केला नव्हता, त्यामुळे तिचा एकही अंदाज कधी चुकला नव्हता. अर्थशास्त्राच्या धंद्यात सत्तावीस वर्षं काढून हे जमवणं सोपं नाही. तिथे ज्याला त्याला पुढच्या वर्षाबद्दल काहीतरी ठोकून द्यायची घाई असते. ही बाई मात्र पुढचं वर्ष मागचं वर्ष होईपर्यंत थांबायची आणि मग विचारायची, कोण काय म्हणालं होतं?

तेच तिचं काम होतं. संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून तिची खोली. खोलीत दोन टेबलं, अर्धीच उघडणारी खिडकी, आणि दारावर ‘मूल्यमापन कक्ष’ अशी पाटी. दरवर्षी चौदा जण संस्थेला आपापले अंदाज पाठवायचे: देशाचं उत्पन्न किती वाढेल, महागाई किती वाढेल. त्यांत बँकांचे लोक होते, विद्यापीठांचे होते, एकदोन हौशेही होते. वर्ष सरलं, खरा आकडा आला, की थोरली बाह्या सरसावून बसायची. खऱ्या आकड्यातून अंदाज वजा करायचा, जी चूक निघेल तिचा वर्ग करायचा, सगळ्या वर्षांची बेरीज करायची. ज्याची बेरीज लहान तो शहाणा. या चौदा जणांत ती गंमत म्हणून पंधरावा एक स्पर्धक घालायची, ‘भोळा’. भोळ्याला काही कळत नसे. तो दरवर्षी एवढंच म्हणायचा की गेल्या वर्षी जे झालं तेच यंदा होईल. आणि हा भोळा दरवर्षी चौदातल्या निम्म्या पंडितांना धूळ चारायचा. ते बघून थोरलीला जे समाधान व्हायचं ते तिच्या चेहऱ्यावर कधी दिसायचं नाही, पण त्या दिवशी ती घरी जाताना दोन थांबे आधी उतरून चालत जायची.

दुःख एवढंच होतं, की भोळ्याला एका स्पर्धकापुढे कधीच जाता आलं नाही. ती स्पर्धक म्हणजे तिची सख्खी धाकटी बहीण.

धाकटी एका मोठ्या बँकेची मुख्य अर्थतज्ज्ञ. सहा वर्षांनी लहान, पण नावाने कितीतरी मोठी. रेडिओवर सकाळच्या बातम्यांनंतर तिचा आवाज यायचा, आणि थोरलीच्या स्वयंपाकघरात त्या वेळी पाण्याचा नळसुद्धा बंद करावा लागायचा. कारण आई. आई थोरलीकडेच राहायची. तिची औषधं थोरली बघायची, डोळ्यांच्या डॉक्टरकडे थोरली न्यायची, रात्री पायांना तेल थोरली लावायची. आणि सकाळी रेडिओवर धाकटी आली की आई खुर्ची ओढून अशी बसायची, जणू प्रत्यक्ष ती आलीय आणि तिला आता चहा विचारायचाय. शेजारपाजाऱ्यांना आई मुलींची ओळख करून द्यायची तीही ठरलेली होती. “धाकटी पुढच्या वर्षी काय होणार ते सांगते. आणि ही थोरली... हिचं काय, ही दुसऱ्यांचं तपासते.” हे ‘हिचं काय’ थोरलीने इतक्या वेळा ऐकलं होतं, की ते आपलं टोपणनाव असावं असं तिला वाटायला लागलं होतं.

हे तसं आजचं नव्हतं. दोघी लहान होत्या तेव्हा संध्याकाळी बाबा कामावरून कधी येतात याची वाट बघत खिडकीत बसायच्या. धाकटी जाहीर करायची, “आज बाबा पावणेसातला येणार!” थोरली काही बोलायची नाही. ती भिंतीवरचं घड्याळ बघत राहायची, आणि बाबा दारात आले की सांगायची, “सात वाजून पाच मिनिटं. हिचं चुकलं.” बाबा हसायचे आणि धाकटीला उचलून घ्यायचे. घड्याळ बघणाऱ्याला कुणी उचलून घेत नाही हे थोरलीला तेव्हाच कळलं होतं. पण स्वभावाला औषध नाही, ती घड्याळच बघत राहिली.

तिचा नवरा दातांचा डॉक्टर. दिवसभर आ वासलेली तोंडं बघून घरी आल्यावर त्याला फारसं बोलायला नको असायचं, पण एकदा तो म्हणाला होता, “तुझ्या बहिणीचं नाव निघालं की तू दात आवळतेस. मागच्या दाढा झिजल्यात तुझ्या. मी तपासलंय.” थोरलीने त्याला तीन दिवस धड उत्तर दिलं नाही. दाढा मात्र झिजल्या होत्या, ते खरं होतं.

आता कुणी म्हणेल, सख्ख्या बहिणीचे अंदाज बहिणीनेच कसे तपासायचे? तर संस्थेत त्याची सोय होती. अंदाज आले की कार्यालय त्यांवरची नावं झाकायचं आणि प्रत्येकाला एक कायमचा क्रमांक द्यायचं. कुणाचा क्रमांक कुठला हे ज्याचं त्याला आणि कार्यालयाला माहीत. तपासणाऱ्याला नाही. थोरलीने पहिल्याच वर्षी संचालकांच्या कानावर घातलं होतं की यांत माझी बहीण आहे. संचालक म्हणाले होते, “नावं झाकलेली आहेत ना? मग तुम्हाला काय कळणार!”

संचालक भले गृहस्थ होते. थोरलीला पहिल्याच वर्षी कळलं. नऊ नंबर. बाकीचे सगळे आपले आकडे अर्ध्यावर नाहीतर पूर्णावर आणून ठेवायचे, साडेपाच, सहा, साडेसहा. चुकलंच तर ‘साधारण म्हटलं होतं’ म्हणायला मोकळे. नऊ नंबरचा आकडा मात्र पाच पूर्णांक आठ असायचा, नाहीतर सहा पूर्णांक तीन. कुठेही टेकायला जागा नाही, पळवाट नाही. पावणेसात म्हणणारी पोरगी ती हीच. हे थोरलीने कुणालाच सांगितलं नाही, आणि धाकटीला तर नाहीच. धाकटी बिचारी समजायची की ताईच्या लेखी आपण चौदातला एक आकडा आहोत.

यंदाचं प्रकरण वेगळं होतं. देशाच्या आर्थिक सल्लागार मंडळावर एक जागा रिकामी झाली होती, आणि ती अंदाज करणाऱ्यांपैकी कुणालातरी द्यायची असं ठरलं होतं. कुणाला, ते संस्थेच्या पाच वर्षांच्या मूल्यमापनावर ठरणार होतं. या मंडळावर थोरलीचंही नाव एकदा सुचवलं गेलं होतं. तेव्हा कुणीतरी म्हणालं, “बाई हुशार आहेत, पण स्वतःचं असं त्यांनी काय सांगितलंय?” आणि नाव मागे पडलं. ती जागा आता धाकटीच्या पानात पडणार, आणि वाढायला आपण, या विचाराने थोरलीचं अन्न गोड लागेना. आईने तर आत्ताच विचारून ठेवलं होतं, मंडळावर गेली की तिला गाडी मिळेल ना गं?

थोरलीने नेहमीसारखी पाच वर्षांची बेरीज केली. नऊ नंबर पहिला. दुसरा त्याच्या आसपासही नव्हता. ती खुर्ची मागे ढकलून उठली, अर्ध्या खिडकीशी जाऊन उभी राहिली, आणि परत येऊन बसली तेव्हा तिच्या डोक्यात एक गोष्ट आली होती.

ती गोष्ट अशी. ‘खरा आकडा’ म्हणून जो म्हणतात तो एक नसतो. वर्ष संपलं की सांख्यिकी कार्यालय घाईघाईने एक पहिला आकडा जाहीर करतं. पुढे सगळे हिशेब हाती आले की तो दुरुस्त करतं, आणि शेवटी अंतिम आकडा येतो. पहिला आणि अंतिम यांत कधी कधी चांगलाच फरक पडतो. मूल्यमापन कक्षाची रीत पहिला आकडा धरायची होती. अंदाज मागवणाऱ्या पत्रातच तसं लिहिलेलं असायचं, पहिला आकडा किती येईल ते कळवा. ते पत्र थोरलीनेच कधीकाळी तयार केलं होतं.

पण अंतिम आकडा धरला तर? त्या पाचही वर्षांचे अंतिम आकडे आता हाती होते. नुसतं बघू तरी, असं म्हणत तिने ते घातले.

नऊ नंबर अकरावा आला. भोळ्याच्याही खाली.

थोरलीला हसूच फुटलं. इतकं, की शेजारच्या टेबलावरच्या माणसाने मान वर केली. मग तिने अहवाल लिहायला घेतला आणि तो झरझर उतरला. अंदाजाचा उपयोग सत्य जाणण्यासाठी असतो. सत्य म्हणजे अंतिम आकडा. पहिला आकडा हा स्वतःच एक कच्चा अंदाज. तो बरोबर ओळखणारा सत्य ओळखतो असं नाही. एकही वाक्य खोटं नव्हतं, एकही आकडा खोटा नव्हता. इतकं चांगलं तिने आजवर लिहिलं नव्हतं. आपण हे विज्ञानासाठी करतोय असं तिने स्वतःला सांगितलं, आणि दोन दिवस ते तिला पटलंही.

अहवाल बैठकीत आला तेव्हा शेजारच्या टेबलावरचा माणूस समोर बसला होता. तो संख्याशास्त्रज्ञ. त्याला सगळे दशांश म्हणायचे, कारण तो ‘पाच मिनिटांत येतो’ न म्हणता ‘साडेचार मिनिटांत’ म्हणायचा आणि यायचा. अहवालावर त्याची सही लागायची, आणि सहीआधी तो प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा. तो त्याने थोरलीलाही विचारला.

“कसोटी कधी ठरवलीत? निकाल बघायच्या आधी की बघून?”

या धंद्यातलं सगळं सोवळं-ओवळं एवढ्या एका प्रश्नात आहे. निकाल बघून कसोटी ठरवायची म्हणजे उत्तरपत्रिका वाचून मग कशाला किती गुण ते ठरवण्यासारखं. मग नापास कुणाला करायचं ते आपल्या हातात. थोरलीने स्वतः कित्येकांना हा प्रश्न विचारून घाम फोडला होता.

“आधी,” थोरली म्हणाली.

दशांशने तिच्याकडे पुन्हा पाहिलंसुद्धा नाही. ‘आधी’ असं लिहून त्याने सही केली. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर त्याने कागद मागितले असते. थोरलीला कोण कागद मागणार?

अहवाल गेला. चौदाही जणांना त्याची प्रत गेली. नेमणूक पुढच्या आठवड्यात व्हायची होती. थोरलीला वाटलं होतं, आता कसं हलकं वाटेल. पहिले दोन दिवस वाटलंही. रेडिओवर धाकटीचा आवाज आला तेव्हा तिने चक्क नळ चालू ठेवला. मग मात्र तिने धाकटीच्या भांडणाची वाट बघायला सुरुवात केली. फोन वाजला की ती मनातल्या मनात उत्तरं जुळवायची. तिची सगळी उत्तरं तयार होती, आणि ती बिनतोड होती.

फोन आला नाही. रविवारी दुपारी धाकटीच आली. हातात फळांची पिशवी, काखेत अहवाल. अहवालाला जागोजागी पेन्सिलीच्या खुणा. आईशी दोन शब्द बोलून ती जेवणाच्या टेबलाशी थोरलीच्या समोर येऊन बसली. दातांचा डॉक्टर वर्तमानपत्र घेऊन आत निघून गेला. शहाणा माणूस होता तो.

“ताई, मी नऊ नंबर आहे,” धाकटी म्हणाली. “आता सांगायला हरकत नाही.”

“असं?” थोरली म्हणाली.

“अकरावी आले. भोळ्याच्याही मागे.” ती हसली. “पहिल्यांदा वाचलं तेव्हा इतका राग आला ना! म्हटलं, पत्रात तर पहिला आकडा लिहिलाय आणि मोजतात अंतिम आकड्याने, हा कुठला न्याय? जाऊन भांडणारच होते. मग पुन्हा वाचलं. मग पुन्हा. आणि पटलं गं.”

“काय पटलं?”

“तू लिहिलंयस तेच. मी पाच वर्षं देशाचा अंदाज करतच नव्हते. सांख्यिकी कार्यालय पहिल्या फेरीत काय म्हणेल, त्याचा करत होते. त्यांची सवय मला कळलीय, बस्स. लोकांना वाटतं हिला भविष्य दिसतं.” तिने अहवाल उलटा करून टेबलावर ठेवला. “दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं. पण तुला तर माहीतही नव्हतं नऊ नंबर कोण ते. तू कुणाचंच तोंड बघून लिहीत नाहीस. म्हणून उद्या मी मंडळाला कळवतेय, माझं नाव मागे घ्या म्हणून. आणि बँकेतही सांगणार आहे, अंदाज आता दुसऱ्या कुणाकडे द्या.”

थोरलीला भांडण हवं होतं. भांडणात धाकटी ओरडली असती, चुकीचं काहीतरी बोलली असती, लहान झाली असती. इथे ती हरूनसुद्धा कशी ऐटीत बसली होती! राग नाही, रड नाही. शास्त्रज्ञाने आपली चूक ऐकावी तर अशी, असं थोरली बाहेरच्यांना शिकवायची, आणि तिला स्वतःला ते कधी करावं लागलं नव्हतं. ही मुलगी हरतेसुद्धा माझ्यापेक्षा चांगली, थोरलीच्या मनात आलं, आणि पोटात अशी कळ आली की तिने टेबलाची कड धरली. अंदाज करणं सोडणार म्हणे! पावणेसात म्हणणारीच गप्प बसली तर घड्याळ कुणासाठी बघायचं, हेही त्याच वेळी तिच्या मनात आलं, आणि त्याचाही तिला राग आला.

आई इतका वेळ खिडकीपाशी बसून ऐकत होती. तिला आकड्यांतलं काही कळत नसलं तरी कोण जिंकलं ते कळायचं. ती उठली, हळूहळू टेबलापाशी आली, आणि थोरलीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, “मी सांगते ना तुला, थोरलीचं कधी चुकायचं नाही. लहानपणापासून बघतेय मी. ही जे म्हणेल ते खरं.”

हे वाक्य ऐकायला थोरली पन्नास वर्षं थांबली होती. आईचा हात डोक्यावर होता. धाकटी मान डोलावत होती, मनापासून. फक्त गप्प बसायचं होतं. उद्या धाकटीचं पत्र जाईल, जागा तिसऱ्या कुणाला मिळेल, आणि आई शेजारणीला सांगेल की आमच्या थोरलीपुढे कुणाचं काही चालत नाही. कोण विचारणार होतं? दशांशची सही झाली होती.

आईचा हात कोमट होता आणि जड होता. थोरलीला तो सहन होईना.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली.

“काय?” धाकटीने विचारलं.

“नऊ नंबर तू आहेस ते. पहिल्या वर्षापासून. सहा पूर्णांक तीन दुसरं कोण म्हणतं? आणि कसोटी मी आधी ठरवली नव्हती. आधी पहिल्या आकड्याने मोजलं. तू जिथे आलीस ते मला बघवलं नाही. मग शोधून शोधून दुसरा आकडा काढला, ज्याने तू खाली येशील. विचारलं तेव्हा खोटं बोलले. उद्या तू कुणाला काही कळवू नकोस. मीच कळवते.”

आईचा हात डोक्यावरून निघाला. आतल्या खोलीत वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज आला आणि थांबला. धाकटीचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला. ती ओरडेल असं थोरलीला वाटलं, पण तिने उलटा ठेवलेला अहवाल सरळ केला, आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं,

“पहिल्या आकड्याने मी कितवी होते?”

खोटं बोलल्याचं सांगताना थोरलीची जीभ अडखळली नव्हती. आता अडखळली. ‘वरच्या दोघातिघांत’ असं म्हणून भागलं असतं. तेवढं तरी हातचं राखावं असं तिला फार वाटलं. तिने धाकटीकडे पाहिलं. धाकटी उत्तराची वाट बघत होती.

“पहिली,” थोरली म्हणाली. “पाचही वर्षं.”

आई धाकटीकडे वळली, तिचा चेहरा उजळला, आणि थोरलीच्या पोटात पुन्हा तेच दुखायला लागलं.